उतारावर थांबलेला बोकड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, कार्यकारिणीचे सदस्य, ग्रंथपाल आणि सर्व कर्मचारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या ताई, आणि समोर खुर्च्यांवर, सतरंजीवर, चाकांच्या खुर्चीत आणि आईवडिलांच्या मांडीवर बसलेल्या माझ्या तमाम श्रोत्यांनो, नमस्कार.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. तुम्हाला जो आवाज ऐकू येतोय तो माझा नाही. तो माझ्यापुढच्या या टॅबलेटमध्ये राहणाऱ्या बाईंचा आहे. शब्द माझेच आहेत. घरी बसून एका बोटाने लिहिलेत, आता फक्त बटण दाबायचं काम उरलंय. या बाई कामाला चोख आहेत, पण स्वभावाने जरा सरळसोट. विनोद असो की दुखवट्याचा ठराव, दोन्ही एकाच सुरात वाचतात. म्हणून जिथे तुम्हाला हसू येईल असं मला वाटलं, तिथे मी थोडी रिकामी जागा सोडली आहे. हसलात तर आनंद आहे. नाही हसलात तर ती जागा संपेपर्यंत आपण सगळे एकमेकांकडे बघत बसू.

ही पहिली जागा.

आभारी आहे.

मला ओळखणारे इथे बरेच आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. या सभागृहाबाहेर ज्या गाड्या लागल्या आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेलेल्या माणसांच्या असतील. ज्या वाकड्या लागल्या आहेत त्या दुसरीकडे शिकलेल्यांच्या. व्यासपीठावरसुद्धा माझे दोन विद्यार्थी बसले आहेत. कोण ते मी सांगणार नाही. निदान आत्ता तरी नाही.

त्या काळात माझा आवाज कसा होता म्हणाल, तर चौकातल्या पलीकडच्या बाजूची गाडीसुद्धा थांबायची. घरीही तोच आवाज. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली. लग्नानंतरची सगळी वर्षं घरात बोलायचं खातं माझ्याकडे आणि ऐकायचं यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. कोणाची तक्रार नव्हती. म्हणजे माझी नव्हती. यांची असेल तर ती ऐकायला मी कधी थांबले नाही.

मग एका सकाळी दात घासता घासता मला झटका आला. डोक्यात रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी वाचवलं, त्यांचे उपकार आहेत. उजवा हात आणि पाय हळूहळू कामावर परतले, थोडी कुरकुर करत का होईना. जीभ मात्र परतली नाही. लोकांना वाटतं, बोलता येत नाही म्हणजे विचारही गेले. तसं नसतं हो. शब्द डोक्यात सगळे जागच्या जागी होते. व्याकरणासकट. शिव्यांसकट. तोंड तेवढं माझं ऐकेना.

आणि आमच्या घरात एक चमत्कार झाला. बायकोचा आवाज गेला, आणि नवऱ्याला फुटला.

हे बोलायला लागले! पाहुणे आले की विचारायचे, "कशी आहे तब्येत?" मी ओठ हलवायच्या आत हे म्हणायचे, "त्याचं काय आहे, रात्री झोप लागली नाही तिला." लागलेली असायची. भाजीवाला विचारायचा, "काय देऊ?" हे म्हणायचे, "त्याचं काय आहे, तिला दुधी लागतो." मला दुधी आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. पण हो-नाही करायला मान हलवेपर्यंत दुधी पिशवीत पडलेला असायचा. हे सगळं प्रेमानेच चाललं होतं, तेच तर अवघड. वाईट बुद्धीने वागणाऱ्यावर माणूस रागावू शकतं. जो रात्री उठून तुमच्या पाठीला उशी लावतो, त्याच्यावर दुधीसाठी कसं रागावणार?

स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला हा टॅबलेट दिला होता. शब्द लिहायचे, बटण दाबायचं, तो बोलतो. चित्रांचीही पानं आहेत, घाईत असाल तर. मी तो कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवून दिला. जिच्या आवाजाने चौक थांबायचा, तिने आता डब्यातल्या बाईच्या आवाजात मीठ मागायचं? नको ते मीठ.

थेरपिस्ट बाई एकदा म्हणाल्या, "वाचनालयात शनिवारी गोष्टीचा तास असतो. तोंडाने बोलणारे, यंत्राने बोलणारे, पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवणारे, सगळे येतात. जाऊन तर बघा." गोष्टीचा तास! मला! मी नातवंडांच्या वयाच्या मुलांत बसून ससा-कासव ऐकू? मी मान जोरात हलवली. हे म्हणाले, "त्याचं काय आहे, तिला आवडेल."

आणि त्या शनिवारी मी बालविभागात, ढोपराएवढ्या खुर्चीवर जाऊन बसले.

आता ताईंबद्दल बोलते. एवढा वेळ मी माझंच सांगत बसले, ती जुनी सवय आहे. ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या. पण बालविभागातले सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणते. त्या दिवशी त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि गोष्ट सांगत होत्या एका बोकडाची. त्याला दुधाची गाडी चालवायची नोकरी मिळालेली असते. गोष्ट त्यांचीच, चालता चालता रचलेली. मधे मधे त्या प्रश्न विचारायच्या. आणि प्रश्न विचारला की थांबायच्या.

थांबायच्या म्हणजे कशा? आपण थांबतो तसं नाही. आपण थांबतो तेव्हा घड्याळाकडे बघतो, घसा खाकरतो, "हं, सांगा सांगा" म्हणून समोरच्याचा जीव घेतो. ताई प्रश्न विचारून दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायच्या आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात त्यांना दुसरं काही काम नाही.

माझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत एक नऊ वर्षांची मुलगी होती. खुर्ची इतक्या वेगाने चालवते की सगळे तिला पायलट म्हणतात. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, अगदी मधोमध, कोणालाही पुढे जाता येणार नाही अशी. तिच्यापुढेही असाच टॅबलेट होता. तिने बटण दाबलं आणि मी दचकले. माझ्या डब्यातल्याच बाई बोलल्या! मग कोपऱ्यातला सहा वर्षांचा एक छोटा बोलला. पुन्हा त्याच बाई! ज्या भाषेत आपण बोलतो, तिच्यात यंत्राला बाईंचा एकच आवाज मिळतो म्हणे. त्यामुळे आमच्या गोष्टीच्या तासाला चौघं-पाचजण बोलतात आणि आवाज मात्र एकाच बाईंचा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, एक बाई स्वतःशीच भांडतेय.

तर ताईंनी मला विचारलं, "आजी, बोकडाने गाडीत आधी काय तपासलं असेल?"

हे मागे उभे होते. म्हणाले, "त्याचं काय आहे, टायर."

"काका," ताई हसून म्हणाल्या, "प्रश्न आजींना होता."

"हो हो."

थोड्या वेळाने पुन्हा, "आजी, गाडीचा रंग कोणता ठेवू या?"

"पांढरा. दुधाची आहे ना."

"काका."

"हो हो, सॉरी."

तिसऱ्यांदा ताई उठल्या. यांच्या हाताला धरून म्हणाल्या, "काका, खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रांचा विभाग आहे. खिडकीजवळची खुर्ची छान आहे. तास संपला की मी स्वतः बोलवायला येते." आणि आमच्या ह्यांना, अध्यक्ष महोदय, आपल्या वाचनालयाच्या बालविभागातून रीतसर बाहेर काढण्यात आलं. दार लागलं. दाराला काच आहे. काचेतून यांचा चेहरा दिसत होता. लहान मुलाला शाळेत सोडताना आईचा होतो तसा.

मला पहिल्यांदा वाटलं, उठावं आणि आपणही जावं. कारण आता माझ्या वतीने बोलायला कोणीच नव्हतं.

ताई परत बसल्या. गोष्ट पुढे सरकली. बोकड दूध घेऊन टेकडीवर पोहोचला, दूध वाटून झालं, आता उतरायचं. आणि ताई म्हणाल्या, "समोर लांबच लांब उतार. बोकड खूश. त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि निघाला मजेत, घरंगळत."

उतारावर? न्यूट्रल?

माझ्यासमोर?

श्रोतेहो, मी आयुष्यभर एक गोष्ट घसा फोडून शिकवली, की उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची. आणि इथे खोलीभर कोवळ्या मुलांना या बाई भलतंच शिकवत होत्या! मी तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज आला. यांनी निघताना पिशवीत टाकलेला टॅबलेट मी ओढून काढला. टॉवेलाचा धागा अजून त्याला चिकटलेला होता. डाव्या हाताचं एक बोट, अक्षरं कुठे आहेत माहीत नाही. 'ग' सापडेना. ताईंनी बघितलं आणि हात वर केला. "बोकड उतारावर थांबलाय," त्या मुलांना म्हणाल्या. "आजींना काहीतरी सांगायचंय."

एवढ्या मोठ्या उतारावर, न्यूट्रलमध्ये, गाडी हवेत अडकल्यासारखी थांबली. खोलीत कोणी हललं नाही. पायलटने माझ्या पडद्यावर डोकावलं, आपल्या बोटाने माझ्या कीबोर्डचा कोपरा दाखवला. 'ग' तिथे होता. मी लिहिलं, चुकले, खोडलं, पुन्हा लिहिलं. कपाळाला घाम. आणि बटण दाबलं.

"गाडी गिअरमध्ये घाल, गाढवा."

ते माझं पहिलं वाक्य. कित्येक महिन्यांनंतरचं.

मुलं इतकी हसली की छोटा सतरंजीवर आडवा झाला. ताईंनी विचारलं, "आजी, कितव्या गिअरमध्ये?" मी लिहिलं, "दुसऱ्या." त्या पुन्हा थांबल्या, बोकडही थांबला. मग तो दुसऱ्या गिअरमध्ये सुखरूप खाली उतरला. मी काचेकडे बघितलं. हे वर्तमानपत्रांच्या विभागात गेलेच नव्हते. तिथेच उभे होते. चष्मा काढून सदऱ्याने पुसत होते, आणि पुसूनही पुन्हा पुसत होते.

घरी आल्यावर यांनी भाजीची पिशवी उघडून विचारलं, "आज काय करू?" आणि तोंड मिटून माझ्याकडे बघत राहिले. मी टॅबलेट मांडीवर घेतला. सावकाश लिहिलं, "दुधी सोडून काहीही."

यांनी पिशवीतला दुधी काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" आणि स्वतःच खाली बसले.

इथे मी हसायला जागा सोडलेली नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर भाषण लवकर संपेल, पण ते खरं होणार नाही. गोष्टीचा तास लांबायला लागला. एका प्रश्नाला पायलटला वेळ लागतो, छोट्याला त्याहून जास्त, माझं तर विचारूच नका. काही पालकांनी कार्यकारिणीकडे तक्रार केली, की मुलं चुळबुळ करतात, गोष्ट संपतच नाही. तक्रार खोटी नव्हती. चुळबुळ मीही बघत होते. मग बैठकीपुढे प्रस्ताव आला, यंत्राने बोलणाऱ्यांसाठी वेगळा तास ठेवावा. गुरुवारी दुपारी, मागच्या खोलीत, जिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवतात. प्रस्तावाची भाषा फार गोड होती. "त्यांच्या सोयीसाठी", "त्यांच्या वेगाने", "निवांतपणे".

पायलटची एक मैत्रीण आहे, तोंडाने बोलणारी, आणि तोंड न मिटणारी. दोघी शनिवारीच भेटतात. प्रस्तावाची बातमी कळली तेव्हा पायलटने आपल्या आईला विचारलं, "मी काय केलं?" मला हे तिच्या आईनेच सांगितलं.

बैठकीला आम्हाला बोलावलं होतं. ताईंनी उठून छान भाषण केलं असतं, त्यांना येतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी यांच्या वतीने बोलणार नाही. ज्यांचा तास हलवायचा आहे ते समोर बसलेत. त्यांना विचारा."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मग, सवयीने, यांच्याकडे. "काका, काकूंचं काय म्हणणं आहे?"

हे उठून उभे राहिले. "त्याचं काय आहे..." म्हणाले. हे चांगलंच बोलले असते हो. माझी बाजूच मांडली असती. कदाचित माझ्यापेक्षा बरी. यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा छताकडे.

"त्याचं काय आहे," हे म्हणाले, "तिला विचारा ना. ती इथेच बसलीये."

आणि खाली बसले.

मी लिहायला घेतलं. खोलीत पंख्याचा आवाज. कोणीतरी खुर्ची सरकवली. एक सदस्य हळूच म्हणाले, "तोवर पुढचा विषय घेऊ या का?" ताई म्हणाल्या, "नको. उत्तर येतंय." पुन्हा पंखा. पुन्हा खुर्ची. मग माझ्या डब्यातल्या बाई बोलल्या, त्यांच्या त्या इस्त्री केलेल्या आवाजात.

"साहेब, गाडी मागे घ्यायला शिकायला तुम्हाला अख्खा महिना लागला होता. मैदानाच्या कुंपणाचे दोन खांब गेले. तुमच्यामागे बाकीचे शिकणारे खोळंबायचे. मी थांबले होते. तुम्हाला वेगळ्या मैदानात पाठवलं नव्हतं."

आता कळलंच तुम्हाला, दोघांपैकी एक विद्यार्थी कोण ते. अध्यक्ष महोदय, मी सांगणार नव्हते, पण ओघात आलं.

खरं तर इथे मला अध्यक्षांचंच कौतुक करायचं आहे. ते आधी लाल झाले, मग खो खो हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, "बाई, मागचे हॉर्न वाजवायचे तेव्हा तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबवायचात. तो हात माझ्या चांगला लक्षात आहे." आणि प्रस्ताव मागे घेतला. मनाचा मोठेपणा लागतो. गाडी मागे घेण्यापेक्षा हे नक्कीच अवघड.

तास शनिवारीच राहिला. ताईंनी गोष्टी थोड्या लहान केल्या, प्रश्न थोडे कमी केले. काही घरं सोडून गेली, एक परत आलं. पायलटची मैत्रीण तोंडावर हात ठेवून थांबायला शिकली, हे तिच्या आईलाही अजून खरं वाटत नाही.

आणि आमच्या घरात आता भांडणं होतात. यथास्थित! फक्त एक गंमत आहे. यांनी काही वाकडं म्हटलं की मी उत्तर लिहायला घेते, आणि ते पूर्ण होईपर्यंत यांना रागावून उभं राहावं लागतं. नुसतं उभं राहून राग किती वेळ टिकणार? मी अर्ध्या वाक्यात असते तोवर हे चहा टाकायला जातात. वाक्य संपतं तेव्हा कप हातात असतो. हल्ली बरीच भांडणं मला चहासाठी करावी लागतात.

आता ताई चालल्या. दुसऱ्या गावी नवं वाचनालय उभं राहिलंय, तिथे असा तास सुरू करायला त्यांनी स्वतः बदली मागून घेतली. गेल्या शनिवारी त्यांनी हे मुलांना सांगितलं तेव्हा पायलटने विचारलं, "तिकडे यंत्रवाली मुलं आहेत?"

"आहेत म्हणे," ताई म्हणाल्या. "पण ती गोष्टीला येत नाहीत. त्यांना कोणी बोलावलेलं नाही."

पायलटने बराच वेळ घेतला. आम्ही सगळे थांबलो.

"मग जा," तिच्या यंत्रातून आलं.

आणि ताई काही म्हणणार एवढ्यात पुन्हा, "पण मला राग आलाय."

ताई म्हणाल्या, "येऊ दे. बरोबर आहे तुझं." आणि तिच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसून राहिल्या. समजूत काढली नाही, खाऊ दिला नाही, "मोठी झालीस ना तू" असलं काही म्हटलं नाही. तिचा राग तिच्यापाशी असू दिला. एवढं मोठं शिक्षण मला माझ्या साऱ्या विद्यार्थ्यांना देता आलं असतं तर बरं झालं असतं.

अध्यक्ष महोदय, मला बोलायची संधी दिलीत, आणि मुख्य म्हणजे बोलून संपेपर्यंत वेळ दिलात, याबद्दल आपले, कार्यकारिणीचे आणि कर्मचाऱ्यांचे मनापासून आभार. थेरपिस्ट बाईंचे आभार. आज सभागृहात यांना दाराबाहेर उभं न करता आत खुर्ची दिलीत, त्याबद्दल विशेष आभार. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव न घेताही कोणाला ओळखता आलं असेल, तर ती माझी चूक समजून पोटात घाला. उच्चार चुकले असतील तर ते या डब्यातल्या बाईंचे, त्यांनाही सांभाळून घ्या, रोज इतक्यांसाठी बोलतात.

शेवटचं वाक्य मात्र मी घरून लिहून आणलेलं नाही. ते मी आत्ता इथे, ताईंकडे बघून लिहिणार आहे. वेळ लागेल. तुम्ही थांबाल अशी खात्री आहे.

ताई तुमच्याशी बोलायला मजा आली